आखाडा ते अध्यक्षपद : रिकीदोझानची गोष्ट



दरवर्षी आषाढ संपता संपता आपल्या समितीच्या चिटणीसांचा फोन येतो आणि स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा प्रेमळ दम मिळतो. मी दरवर्षी मुदतीनंतर आठ दिवसांनी लेख देतो. गेल्या काही वर्षांत अष्टविनायक झाले, मोदकांचे प्रकार झाले, निवृत्तीनंतरचे आरोग्य झाले. यंदा ठरवले की अशा एका माणसाबद्दल लिहायचे, ज्याचा ना गणपतीशी संबंध ना महाराष्ट्राशी. तरीही दिल्लीजवळच्या या औद्योगिक पट्ट्यात पोटासाठी येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना तो अगदी जवळचा वाटावा. त्याचे नाव रिकीदोझान.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते माझ्याच घरी, पोह्यांची बशी हातात असताना. साल १९८७, अखेरीचे महिने. कॉलनीतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, रविवारी सकाळी रामायण सुरू झाले की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. आमच्या कारखान्यात तेव्हा एक जपानी तंत्रज्ञ वर्षभरासाठी आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणे मोजके, इंग्रजी आमच्याइतकेच कच्चे. त्यामुळे आमचे चांगले जमले. त्या रविवारी मी त्यांना नाश्त्याला बोलावले होते. पडद्यावर हनुमान आले, आणि आईने नेहमीप्रमाणे टीव्हीलाच हात जोडले. साहेबांना काही समजेना. मी त्यांना सांगितले की हे काम करणारे दारासिंग मुळात पैलवान आहेत, एके काळी त्यांच्या कुस्त्यांना मुंबईत तुफान गर्दी होत असे. दारासिंग हे नाव ऐकताच साहेबांनी बशी खाली ठेवली. हे पैलवान टोकियोला येऊन गेले आहेत, असे ते म्हणाले. मग लहान मुलाच्या उत्साहाने त्यांनी रिकीदोझानची गोष्ट सांगायला सुरुवात केली. रामायण संपले, दुपारचे जेवण झाले, तरी गोष्ट संपली नव्हती. पुढे मी या माणसाबद्दल जमेल तेवढे वाचले. आज ते तुमच्यासमोर ठेवतो.

रिकीदोझानचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४ रोजी कोरियात, दक्षिण हामग्योंग प्रांतात झाला. हा भाग आज उत्तर कोरियात आहे. त्याचे जन्मनाव किम सिन-राक. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. आपल्याकडे गावच्या जत्रेत जशा कुस्त्या लागतात, तशी कोरियात सिरुम नावाची देशी कुस्ती आहे. कमरेला आणि मांडीला बांधलेला पट्टा धरून प्रतिस्पर्ध्याला खाली पाडायचे, असा तो खेळ. हा पोरगा त्यात चमकला आणि जपानहून आलेल्या लोकांच्या नजरेत भरला. सुमो कुस्तीसाठी त्याला जपानला नेण्यात आले. १९४० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, टोकियोच्या निशोनोसेकी या सुमो तालमीतून तो पहिल्यांदा रिंगणात उतरला. तिथेच त्याला रिकीदोझान हे नाव मिळाले. रिकी म्हणजे बळ, दो म्हणजे मार्ग आणि झान म्हणजे डोंगर.

सुमोची तालीम म्हणजे आपल्या जुन्या तालमीचाच भाऊ. पहाटे उठायचे, वरच्या मल्लांचा स्वयंपाक करायचा, त्यांची पाठ चोळायची, त्यांचे जेवण झाल्यावर उरलेले आपण खायचे. वस्तादाचा शब्द अखेरचा. तशात हा पोरगा परक्या मुलखातला, भाषेत कोरियन वळण. बोलण्यावरून, मुळावरून टोमणे खावे लागत. त्याने सगळे पचवले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो सुमोच्या सर्वोच्च श्रेणीत पोचला, आणि १९४९ मध्ये सेकिवाके झाला. योकोझुना आणि ओझेकी या दोन पदव्यांच्या खालोखालची ही पदवी. आणखी थोडी मजल मारली असती तर शिखर गाठले असते.

पण १९५० च्या सप्टेंबरमध्ये त्याने स्वतःच्या हाताने आपली शेंडी कापून टाकली. सुमो मल्लाची ती बांधलेली शेंडी म्हणजे त्याचे सर्वस्व. निवृत्त होताना मोठा समारंभ करून, मान्यवरांच्या हातून ती कापली जाते. याने एकट्याने कात्री चालवली आणि दार ओढून घेतले. आजारपणाने तो खंगला होता आणि पैशांवरून वस्तादाशी खटके उडत होते. याच सुमारास त्याने जपानी कुटुंबनोंदणीत नाव लावून घेतले. आता तो नागासाकी जिल्ह्यातल्या ओमुरा गावचा मोमोता मित्सुहिरो झाला. किम सिन-राक हे नाव त्याने जणू त्या शेंडीबरोबरच कापून टाकले.

सुमो सोडलेल्या मल्लाला पोटापाण्याचे दुसरे साधन काय? नित्ता शिनसाकु नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. युद्धात भाजून निघालेल्या टोकियोत तेव्हा जिकडे तिकडे बांधकामे सुरू होती. साइटवर आलेला माल मोजायचा, मजुरांवर देखरेख करायची, हे त्याचे काम. आपल्यापैकी अनेकांनी उमेदवारीच्या काळात स्टोअर सांभाळले आहे, त्यांना हे काम नव्याने सांगायला नको. पुढे धंदा करताना त्याला हा अनुभव उपयोगी पडला असणार असे मला नेहमी वाटते.

१९५१ मध्ये काही अमेरिकन व्यावसायिक कुस्तीगीर धर्मादाय कार्यक्रमासाठी जपानमध्ये आले. त्यातल्या बॉबी ब्रन्सने रिकीदोझानला या नव्या कुस्तीचे धडे दिले आणि २८ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याच्याशीच त्याची पहिली लढत झाली. दहा मिनिटांची ती लढत बरोबरीत सुटली. पुढच्या फेब्रुवारीत तो हवाईला गेला. तिथे ओकी शिकिना या मुरब्बी मल्लाने त्याच्याकडून कसून मेहनत करून घेतली. नंतर तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सॅन फ्रान्सिस्कोकडे लढला आणि १९५३ च्या सुरुवातीला परत आला. तो तिकडून केवळ डाव शिकून आला नव्हता. तिकिटांचे दर कसे ठरतात, एका गावची गर्दी पुढच्या गावाला कशी न्यायची, खलनायक कसा उभा करायचा, मल्लाला किती द्यायचे आणि आयोजकाच्या खिशात किती राहते, हे सगळे त्याने डोळसपणे पाहिले होते.

इथे थोडे थांबून एक खुलासा करतो, कारण आपल्यात कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी आहेत आणि ती माझा कान धरतील. माझे मामा तालमीतले. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाचे नाव काढले तरी हात जोडणारे. त्यांच्या लेखी कुस्ती म्हणजे लाल माती. ठरवून केलेली ती नूरा कुस्ती, आणि नूरा कुस्ती करणारा पैलवानच नव्हे. व्यावसायिक कुस्तीत निकाल बहुधा आधी ठरलेला असतो, हे आज जगजाहीर आहे. मग अशा माणसाचे कौतुक कशाला? माझे उत्तर असे, की निकाल ठरलेला असला तरी आपटणे ठरवून कमी लागत नाही. आणि रिकीदोझानचे मोठेपण कोणाला चीत केले यापेक्षा त्याने काय उभे केले यात आहे.

त्याच काळातली खऱ्या कुस्तीची एक आठवण मात्र सांगायलाच हवी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच गटाचे सुवर्णपदक शोहाची इशी या जपानी मल्लाने जिंकले, आणि त्या स्पर्धेतले जपानचे ते एकमेव सुवर्ण होते. १९४८ च्या ऑलिंपिकला तर जपानला बोलावणेच नव्हते. हरलेला, उपाशी, परक्या सैन्याच्या बुटाखाली काही वर्षे काढलेला तो देश. त्याला कुठेतरी जिंकायचे होते. रिकीदोझानने नेमकी ही नाडी ओळखली.

जुलै १९५३ मध्ये जपान प्रो रेसलिंग असोसिएशनची स्थापना झाली. पाठीशी नित्ता आणि करमणुकीच्या व्यवसायातले आणखी काही वजनदार लोक होते. योगायोग असा, की त्याच वर्षी जपानमध्ये टीव्हीचे प्रसारण सुरू झाले. संच विकत घेणे सामान्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. निप्पॉन टेलिव्हिजन या खासगी वाहिनीचे प्रमुख शोरिकी मात्सुतारो यांनी त्यावर युक्ती काढली. त्यांनी चौकाचौकांत, स्टेशनांसमोर, उंच खांबांवर टीव्ही बसवले. लोकांना फुकट पाहू द्या, गर्दी झाली की जाहिराती येतील, असा त्यांचा हिशेब.

१९ फेब्रुवारी १९५४. कुरामाएच्या सुमो सभागृहात रिकीदोझान आणि ज्युदोचा नामांकित विजेता किमुरा मासाहिको एका बाजूला, तर धिप्पाड शार्प बंधू दुसऱ्या बाजूला. शार्प बंधू मूळचे कॅनडाचे, पण प्रेक्षकांच्या लेखी ते अमेरिकनच. लढत बरोबरीत सुटली, पण निकालाकडे कोणाचे लक्ष होते? हाताच्या कडेने मारलेल्या फटक्यांनी, ज्याला पुढे कराटे चॉप म्हणू लागले, रिकीदोझान त्या उंच गोऱ्या माणसांना मागे रेटत होता आणि शिंबाशी स्टेशनसमोर हजारो लोक माना वर करून ते पाहत होते. आमचे जपानी साहेब त्या गर्दीत होते. तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर बसलेले. युद्धातून परत आल्यापासून वडील हसल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्या रात्री ते हसले, ओरडले आणि मग रडले. हे सांगताना साहेबांनी चष्मा पुसला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र या कथेवर एक डाग पडला. किमुरा हा काही सामान्य गडी नव्हता. १९५१ मध्ये त्याने ब्राझीलमध्ये हेलिओ ग्रेसी या नामवंत मल्लाला हरवले होते. आपल्याला नेहमी दुय्यम भूमिका दिली जाते, असे वाटून त्याने रिकीदोझानला आव्हान दिले. २२ डिसेंबर १९५४ रोजी दोघे भिडले. किमुराने पुढे सांगितले त्याप्रमाणे ही लढत बरोबरीत सोडवायचे ठरले होते. पण मध्येच रिकीदोझानचा तोल गेला आणि त्याने खरोखरीचे वार सुरू केले. किमुरा बेशुद्ध पडला. किमुराने आधी अवघड जागी लाथ मारली, असे रिकीदोझानचे म्हणणे होते. कोणाचे खरे मानायचे ते माना. एवढे निश्चित की त्या रात्रीनंतर जपानमध्ये या धंद्याचा मालक कोण, याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही, आणि किमुराने त्याला आयुष्यभर क्षमा केली नाही.

आता दारासिंगांकडे येऊ. नोव्हेंबर १९५५ मध्ये टोकियोत आशियाई अजिंक्यपदाच्या लढती झाल्या. त्यासाठी किंग काँग, टायगर जोगिंदरसिंग आणि दारासिंग ही त्रयी जपानला गेली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ज्यांनी त्या काळी कुस्त्या पाहिल्या, त्यांना किंग काँग हे नाव सांगायला नको. हंगेरीत जन्मलेला हा अगडबंब मल्ल आपल्याकडे घरोघरी माहीत होता. जोडीच्या किताबात किंग काँग आणि जोगिंदरसिंग यांनी बाजी मारली. एकेरीत रिकीदोझानने किंग काँगला हरवून आशियाई किताब घेतला. आमच्या घरच्या टीव्हीत द्रोणागिरी उचलणारे हात एकदा टोकियोच्या रिंगणात शड्डू ठोकून आले होते, याचे मला त्या रविवारी फार अप्रूप वाटले.

पुढच्या काही वर्षांत रिकीदोझान संघटनेचा सर्वेसर्वा झाला. इथून पुढची गोष्ट खरे तर आपल्यासारख्या कारखानदारीतल्या माणसांसाठी आहे. रिंगणात लढायचे, आणि खाली उतरून, घाम पुसून हिशेबाच्या वह्या बघायच्या, अशी दुहेरी नोकरी तो करू लागला.

त्याच्या कारभाराची काही सूत्रे मला दिसली ती सांगतो. पहिले म्हणजे माल उत्तम हवा. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने जगज्जेता लू थेझ याला जपानला आणले. टोकियोच्या कोराकुएन स्टेडियमवर आणि नंतर ओसाकात, दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या. टोकियोची लढत तर पूर्ण ६० मिनिटे चालली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, लॉस एंजेलिसला थेझला हरवून तो इंटरनॅशनल किताब घेऊन आला. दुसरे सूत्र, पैशांचा नळ एकच नको. केवळ तिकिटांवर अवलंबून न राहता त्याने टीव्हीशी आणि जाहिरातदाराशी घट्ट नाते जोडले. शुक्रवारी रात्री आठला मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या कार्यक्रमात एका आठवड्याला डिस्ने आणि दुसऱ्या आठवड्याला कुस्ती, अशी आलटूनपालटून पाळी असे. गंमत बघा, दोन लढतींच्या मध्ये त्याच कंपनीचा व्हॅक्यूम क्लीनर आणून रिंगण झाडले जाई. रिंगणही स्वच्छ आणि जाहिरातही झाली!

तिसरे सूत्र, दरवर्षी नवा हंगाम. १९५९ मध्ये त्याने वर्ल्ड लीग नावाची स्पर्धा सुरू केली. देशोदेशींचे मल्ल आणायचे, आठवडेच्या आठवडे गावोगावी फड लावायचे आणि शेवटी अंतिम लढत. १९६३ पर्यंतच्या पाचही स्पर्धा त्यानेच जिंकल्या. मालक स्वतःच जिंकणार हे उघड होते, पण लोकांनाही तेच हवे होते. चौथे सूत्र, उद्याची माणसे आजच शोधायची. १९६० मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना तिथे स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबातला १७ वर्षांचा एक मुलगा त्याने हेरला. तो अँटोनिओ इनोकी. त्याच वर्षी बेसबॉल सोडलेला, दोन मीटरहून उंच असा बाबा शोहेई त्याच्याकडे आला. दोघांची पहिली लढत एकाच दिवशी लागली, ३० सप्टेंबर १९६० रोजी. बाबाला त्याने पुढच्याच वर्षी अमेरिकेला शिकायला धाडले. इनोकीला मात्र जवळ ठेवून नोकरासारखे राबवले, मारले, अपमान केले. लोखंडाप्रमाणे तापवून ठोकायचे हीच त्याची शिकवण्याची रीत, कारण त्याला स्वतःला तसेच शिकवले गेले होते.

१९६१ मध्ये टोकियोच्या शिबुया भागात रिकी स्पोर्ट्स पॅलेस ही नऊ मजली इमारत उभी राहिली. कुस्तीचे कायमचे रिंगण, बोलिंग, व्यायामशाळा, बाष्पस्नान, उपाहारगृह, सारे एका छपराखाली. अकासाकासारख्या उच्चभ्रू वस्तीत त्याने सदनिकांच्या इमारती बांधल्या. सागामी सरोवराजवळ गोल्फच्या मैदानासाठी जमीन घेतली. कधी काळी साइटवर माल मोजणारा कारकून आता स्वतःच्या नावाचे मनोरे बांधत होता. पण मंडळी, सगळ्या कागदांवर सही एकट्याची. कर्ज त्याच्या शब्दावर, परदेशी मल्ल त्याच्या ओळखीवर, टीव्हीचा करार त्याच्या चेहऱ्यावर. दुसऱ्या फळीतल्या कोणाच्या हाती त्याने काहीच दिले नव्हते.

लोकप्रियता मात्र वाढतच होती. मार्च १९६२ मध्ये त्याने लॉस एंजेलिसला फ्रेडी ब्लासीला हरवून आणखी एक किताब घेतला. एप्रिलमध्ये ब्लासी जपानला आला. त्याच्या चावऱ्या लढतींमधले रक्त टीव्हीवर पाहून काही वृद्ध प्रेक्षक धक्क्याने दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि देशभर वादंग माजले. २४ मे १९६३ रोजी डिस्ट्रॉयर या मुखवटाधारी मल्लाशी त्याची लढत झाली, ती पाहणीनुसार ६४ टक्के घरांत पाहिली गेली. जपानी टीव्हीच्या इतिहासात आजही तिचे नाव सर्वाधिक पाहिलेल्या कार्यक्रमांत घेतले जाते.

आणि एवढे सगळे घडत असताना हा माणूस एक ओझे वाहत होता. गोऱ्यांना लोळवून जपानची मान ताठ करणारा हा वीर जन्माने जपानी नव्हता. ज्या कोरियाला जपानने ३५ वर्षे दाबून ठेवले, तिथला तो होता. १९५२ मध्ये तर जपानमधल्या कोरियन लोकांचे नागरिकत्वच एका फटक्यात गेले होते. त्यांना चांगली नोकरी, चांगले घर मिळणे मुश्कील. सत्य बाहेर पडले असते तर चौकातली गर्दी तशीच राहिली असती का? त्याने ही परीक्षा कधी घेतली नाही. जवळच्या मोजक्या लोकांना ठाऊक होते, बाकीच्यांसाठी तो ओमुराचा मोमोता. १९५८ मध्ये किम इल नावाचा एक कोरियन मल्ल केवळ त्याच्याकडे शिकायचे म्हणून चोरून जपानमध्ये आला आणि पकडला गेला. रिकीदोझानने खटपट करून त्याला सोडवले आणि शिष्य केले. पण त्यालाही नाव दिले जपानी, ओकी किंतारो.

जानेवारी १९६३ मध्ये रिकीदोझान दक्षिण कोरियाला जाऊन आला. तिथे त्याचे मोठे स्वागत झाले. जपानमधल्या एका वर्तमानपत्राने त्याच्या मायदेशाचा उल्लेख केला तेव्हा मात्र तो संतापला. त्याचे खरे गाव तर आणखी उत्तरेला, सीमेच्या पलीकडे होते. तिथे जाणे आता कोणालाच शक्य नव्हते.

जून १९६३ मध्ये त्याचे लग्न झाले. पत्नी जपान एअरलाइन्समध्ये हवाई सुंदरी होती. सहाच महिन्यांनी, ८ डिसेंबर १९६३ च्या रात्री, अकासाकातल्या न्यू लॅटिन क्वार्टर नावाच्या नाइट क्लबमध्ये स्वच्छतागृहाजवळ एका टोळीतल्या तरुणाशी त्याची बाचाबाची झाली. रिकीदोझानने त्याला खाली पाडले आणि त्या तरुणाने पोटात चाकू खुपसला. कुस्तीचे फड आणि टोळ्या यांचे जपानमध्ये जुने साटेलोटे होते, आणि दारू पोटात गेली की या माणसाचा हात आवरत नसे, हेही प्रसिद्ध होते. सुरुवातीला जखम गंभीर वाटली नाही. शस्त्रक्रिया झाली, पण आठवडाभरात प्रकृती बिघडली, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि १५ डिसेंबर १९६३ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो गेला. टोकियोतल्या इकेगामी होनमोन-जी या मंदिराच्या आवारात त्याची समाधी आहे. तिथे त्याचा अर्धपुतळा हाताची घडी घालून उभा आहे.

मागे काय राहिले? इमारती राहिल्या आणि त्यांच्यावरचे कर्ज राहिले. रिकी स्पोर्ट्स पॅलेस काही वर्षांतच विकावा लागला. गोल्फचे मैदान झालेच नाही. संघटना वारसांच्या भांडणांत दहा वर्षे कशीबशी चालली. मात्र त्याने घडवलेली माणसे टिकली. १९७२ मध्ये इनोकीने न्यू जपान आणि बाबाने ऑल जपान अशा दोन वेगळ्या संस्था काढल्या. दोघेही मल्ल, दोघेही अध्यक्ष. बाबाने शांतपणे, देणी वेळेवर चुकती करत, ३१ जानेवारी १९९९ ला मृत्यू येईपर्यंत संस्था चालवली. इनोकी गुरूसारखाच धाडसी. तो १९७६ मध्ये मुष्टियोद्धा महंमद अलीशी लढला, ब्राझीलमध्ये उसाच्या चिपाडावर उद्योग उभारायला गेला आणि त्यात एवढा बुडाला की १९८३ मध्ये त्याला काही काळ अध्यक्षपद सोडावे लागले. नंतर तो खासदार झाला. १९९५ मध्ये त्याने उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग इथे कुस्त्यांचा प्रचंड कार्यक्रम घडवून आणला. ज्या मुलखाचे नाव गुरूला उभ्या हयातीत मोकळेपणाने घेता आले नाही, तिथे शिष्य त्याचे नाव घेऊन गेला. इनोकी १ ऑक्टोबर २०२२ रोजी वारला.

आता थोडे माझ्याबद्दल, आणि मग आवरतो.

१९८४ मध्ये मी इथे नोकरीला आलो तेव्हा मुलाखतीत, आणि पुढे कितीतरी वर्षे, मूळ गाव विचारले की मी मुंबई सांगत असे. तासगाव तालुक्यातल्या आमच्या वाडीचे नाव सांगायची लाज वाटे. हिंदी बोलताना माझे मराठी हेल ऐकून कोणी हसले की मी कानकोंडा होई. मुलाला तर मी शाळेत मराठी बोलू नकोस असे बजावले होते. त्या रविवारी जपानी साहेबांना मी विचारले, की रिकीदोझान कोरियन होता हे कळल्यावर तुम्हाला काय वाटले? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की प्रथम राग आला, आपल्याला फसवले असे वाटले. नंतर वडिलांची आठवण झाली, आणि लाज वाटली ती स्वतःची. ज्याने वडिलांना हसवले, त्याला आपल्यामध्ये आपले खरे नाव सांगता आले नाही, तर त्यात कमीपणा त्याचा नव्हता. एवढे बोलून ते आईकडे वळले आणि त्यांनी मला मोडक्या इंग्रजीत विचारले, की तुमच्या आई कोणत्या गावच्या? मी वाडीचे नाव सांगितले. या मुलखात आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने.

पुढच्या वर्षी याच मंडपात मी पहिल्यांदा आरतीला पुढे उभा राहिलो. नंतर कधीतरी खजिनदार झालो आणि तब्बल २२ वर्षे कपाटाची किल्ली माझ्या खिशात राहिली. मंडपवाल्याशी बोलणी मी, मूर्तीची ऑर्डर मी, वर्गणीची पावतीपुस्तके माझ्याच घरी. मला त्याचा अभिमान होता. गेल्या पावसाळ्यात मी १५ दिवस इस्पितळात होतो तेव्हा समितीच्या पोरांना मूर्तिकाराचा फोन नंबरसुद्धा सापडेना. पलंगावर पडल्यापडल्या मला शिबुयातली ती नऊ मजली इमारत आठवली.

म्हणून यंदा किल्ली दिली आहे. नवी खजिनदार आपल्याच कॉलनीत जन्मलेली मुलगी आहे, तिचे मराठी ऐकून माझे मामा हसले असते, पण हिशेब चोख आहे. जुन्या वह्या घेऊन मी रोज संध्याकाळी तासभर तिच्याशेजारी बसतो. तुम्ही मंडपात आलात की तिच्याकडूनच पावती घ्या, आणि जाता जाता तिला आपल्या गावाचे नाव सांगा. या वर्षीपासून पावतीवर मूळ गावासाठी एक रकाना ठेवला आहे. तो रिकामा सोडू नका.

गणपती बाप्पा मोरया!